मुंबई पाहणे आणि मुंबईत राहणे

यंदाचा गळीत हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, आणि आम्ही दीड महिन्याच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढेच लिहिले होते. शेतकी खात्याच्या माणसाने बिनहंगामात एवढी रजा मागावी हे काही बरे दिसत नाही. बेण्याची पाहणी, खोडव्याची कामे, आडसालीची तयारी हे सगळे त्याच दिवसांत असते. पण रजा मिळाली. परत आल्यापासून मात्र पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, जिथे जावे तिथे लोक ऊस ठेवतात बाजूला आणि मुंबईचेच विचारतात. तेव्हा या अंकात द्यावयाचा खोडव्याचा लेख पुढच्या अंकी देऊ. सभासद बंधू-भगिनींनी तेवढे सांभाळून घ्यावे.

विचारणारे दोन तऱ्हेचे आहेत. एक म्हणजे ज्यांच्या घरात दुखणे निघाले आहे आणि डॉक्टरने 'मुंबईला दाखवा' म्हटले आहे. दुसरे म्हणजे बिडकीन पट्ट्यातले सभासद, ज्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. ७,८५५ एकरांची ही वसाहत २०२४ च्या सप्टेंबरात राष्ट्राला अर्पण झाली हे सर्वांना ठाऊकच आहे. मावेजा आला, पोरे मुंबई-ठाण्याकडे नोकरीला लागली, आणि आता ती म्हणतात की इकडे एखादी खोली घेऊन टाका. बाप विचारतो, 'साहेब, तुम्ही राहून आलात, कसं काय वाटतं?' आमच्या घरी ही दोन्ही कारणे एकाच वेळी आली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, कारखान्याचे जुने सभासद. तीन एकर वसाहतीत गेली, राहिलेल्या रानात विहिरीवर दोन एकर ऊस. वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षे तंबाखू. गेल्या वर्षी गालाच्या आतून चट्टा उठला, तो दिवाळीपर्यंत 'दाढ लागते' म्हणून काढला, आणि मग व्हायचे ते निदान झाले. आता आपल्या संभाजीनगरातही शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, पुष्कळांचे उपचार तिथेच होतात आणि चांगले होतात. पण पुतण्या मुंबईत एका खासगी कंपनीत असल्याने त्याने परळच्या टाटा रुग्णालयात नाव घातले होते. शस्त्रक्रिया उन्हाळ्याच्या तोंडी झाली. त्यानंतर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात ते, तीस वेळा द्यावयाचे ठरले. आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. वहिनींना यावेसे वाटत होते, पण खोडव्याला पाणी कोण देणार? म्हणून सोबतीला आम्ही.

मुंबई आम्ही पाहिली नव्हती असे नाही. सभासदांच्या सहलीबरोबर दोनदा जाऊन आलो होतो. रात्रीच्या देवगिरीने निघायचे, सकाळी उतरायचे, गेटवे, राणीची बाग, तेव्हा तारापोरवाला मत्स्यालय सुरू होते ते, मग नरिमन पॉइंटला साखर भवनाखाली उभे राहून फोटो, चौपाटीवर भेळ, आणि दुसऱ्या रात्री परत. दोन दिवसांत मुंबई संपते. गावी आल्यावर पंधरा दिवस सांगायला पुरते. तीच मुंबई बेचाळीस दिवसांसाठी पुढ्यात आली तेव्हा कळले की आपण काहीच पाहिले नव्हते.

या वेळी भाऊंना झोपून त्रास होतो म्हणून दिवसाच्या गाडीने गेलो, आणि त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांनी पाहता आली. मनमाड, नाशिक झाले की इगतपुरी येते आणि तिथून गाडी कसाऱ्याचा घाट उतरते. ही पाणी दुभंगण्याची जागा. सह्याद्रीच्या त्या धारेवर पडलेला जो थेंब पूर्वेला वळतो तो दारणा-गोदावरीने आपल्या नाथसागरात येतो. जो पश्चिमेला वळतो तो वैतरणा-भातशाच्या धरणांत जातो आणि तिथून जलवाहिन्यांनी शंभरेक किलोमीटर चालत मुंबईच्या नळाला येतो. आम्ही भाऊंना हे सांगितले. त्यांना बोलणे जड जात होते. खिडकीबाहेर पाहत ते एवढेच म्हणाले, "म्हंजी भावकीच की." मुंबईने १८६० सालापासून विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अपर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा असे एकामागून एक पाणी बांधत आणले. शेवटचे २०१४ मधले. रोज सुमारे साडेतीनशे कोटी लिटरांहून अधिक पाणी त्या शहराला लागते. चहूबाजूंनी समुद्र, आणि प्यायचे पाणी मात्र घाटाखालून आणायचे. खारे पाणी किती असले तरी उपयोगाचे नाही, हे आपल्या चोपण जमिनीवाल्या सभासदांना वेगळे सांगायला नको.

पहिली रात्र वाईट गेली. स्टेशनजवळच्या एका लॉजवाल्याने आगाऊ पैसे घेतले, दाखवली एक खोली आणि दिली दुसरीच, जिन्याखालची, बिनखिडकीची. भांडायला त्राण नव्हते. दुसऱ्या दिवशी पुतण्याकडे डोंबिवलीला गेलो. एक खोली आणि स्वयंपाकघर, भाड्याचे. त्यात पुतण्या, सूनबाई, लहान पोरगी, आणि आता आम्ही दोघे. सूनबाईंनी तोंड वाकडे केले नाही, हे मुद्दाम लिहितो. पण नळाला पाणी पहाटे तासभर येई, आणि तेवढ्यात पाच माणसांचे भरून घ्यायचे. दोन दिवसांतच लक्षात आले की, आपण इथे राहिलो तर या पोरांची नोकरी बुडेल.

शिवाय लोकलचा प्रवास. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, त्याच रुळांच्या वाटेवर ही गर्दी. सकाळच्या गाडीत आपण चढत नाही, आपल्याला चढवले जाते. उतरायचे असेल तर दोन स्टेशने आधीपासून दाराकडे सरकायला लागायचे. एक सोय आहे ती सांगतो, कारण आम्हाला ती चौथ्या दिवशी कळली. लोकलला दिव्यांगांसाठी जो लहान डबा राखीव असतो त्यात कर्करुग्णालाही बसता येते. रुग्णालयाचे कार्ड जवळ ठेवावे. एरवी फास्ट गाडी बघून दादरला उतरावे, नाहीतर स्लो गाडीने थेट परळ.

पण शेक घेतल्यावर गळ्याची कातडी भाजल्यासारखी होते आणि तासभर उभ्याने जाणे जमत नाही. म्हणून जवळ जागा शोधली. बाहेरगावच्या कर्करुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी मुंबईत काही धर्मशाळा आहेत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची आहे. हातात खराटा घेऊन हिंडणाऱ्या त्या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी स्वतःसाठी झोपडीही न बांधता गोरगरिबांसाठी इमारती उभ्या केल्या. जागा मोजक्या असतात, रुग्णालयातले समाजसेवा खात्याचे लोक मार्ग दाखवतात, नंबर लागेपर्यंत धीर धरावा लागतो. आमचा नंबर एका धर्मशाळेत सातव्या दिवशी लागला. दोन खाटा, एक लोखंडी कपाट, सामाईक नळ. शेजारी जळगावचे एक कुटुंब, पलीकडे ओरिसाचे बापलेक. पुढचे पाच आठवडे तेच आमचे गाव.

आता हवेविषयी. हा आमच्या धंद्याचा विषय असल्याने थोडे लांबवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो, मुंबईत तेहतीस-चौतीस. कागदावर मुंबई थंड. प्रत्यक्षात बिडकीनच्या उन्हात माणूस सावलीला बसला की पाच मिनिटांत बरा होतो. मुंबईत सावलीलाही सुटका नाही. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "इथं कुणाकडंच कूलर न्हाई, कामून?" प्रश्न बरोबर होता. आपला वाळ्याचा कूलर, आपला माठ, आपला घाम, तिन्ही एकाच तत्त्वावर चालतात. पाणी हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपली हवा कोरडी, ती पाणी ओढून घेते. समुद्रकाठची हवा आधीच पाण्याने भरलेली, ती तुमचा घाम घेतच नाही. म्हणून माठातले पाणी कोमट, कूलर निरुपयोगी, आणि माणूस भिजलेला. धुतलेले धोतर दुसऱ्या दिवशीही दमट. घरून नेलेला गूळ चौथ्या दिवशी पाझरू लागला. साखरेच्या डब्यात पाऊस लागल्यावर ढेकळे झाली. आपल्या गोदामात पोत्यांची थप्पी भिंतीपासून लांब का लावतात आणि पावसाळ्यात दारे का बंद ठेवतात, हे नव्या पोरांना समजावून सांगायचे तर त्यांना जूनमध्ये मुंबईला न्यावे.

आजारी माणसाला या हवेचा त्रास दुप्पट. शेकाची जागा कोरडी ठेवायची, तिथे तेल-साबण लावायचा नाही, ऊन लागू द्यायचे नाही, आणि घाम तर अखंड वाहतोय. आम्ही जुन्या मऊ धोतराचे तुकडे करून ठेवले होते, दर अर्ध्या तासाला हलक्या हाताने टिपायचे. पाणी कितीही प्यायले तरी कमीच. ज्यांना जायचे आहे त्यांनी जाड सुती, टेरिकॉटचे कपडे नेऊ नयेत, पातळ सुती चार जोड न्यावेत. लवकर वाळतील असे.

शनिवार-रविवार शेक नसे. पहिल्या रविवारी संध्याकाळी भाऊंना दादरच्या चौपाटीवर नेले. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. चैत्यभूमीजवळच्या वाटेने पुढे गेलो. ६ डिसेंबरला आपल्याकडून माणसे जातात तीच ही जागा. भाऊ वाळूत उभे राहिले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "नाथसागरावानीच हाय." आम्हाला जरा वाईट वाटले, एवढा समुद्र दाखवला आणि हे असे. पण पुढच्या शनिवारी आम्ही निराळ्या वेळेला गेलो तेव्हा पाणी पार मागे हटलेले, जिथे मागच्या वेळी लाटा होत्या तिथे ओला चिखल आणि खडक. भाऊ थबकले. "पाणी कुणी सोडलं?" धरणकाठच्या माणसाला पाणी कमी झाले की कुणीतरी दारे उघडली असेच वाटणार!

मग भरती-ओहोटीचे गणित एका कोळ्याकडून समजून घेतले. आपण जशी तिथी धरून पेरणी करतो तशी ते तिथी धरून होडी घालतात. मराठी तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा भरती, रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी सर्वांत वर येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती मऊ. आम्ही पंचांग काढून चार वेळा पडताळा घेतला, अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळले. भाऊंना हा खेळ आवडला. बोलणे जवळजवळ बंद झाल्यावरही ते बोटांवर तिथी मोजून आम्हाला वेळ दाखवीत.

त्याच कोळ्याने सांगितले की १ जूनपासून त्यांची मासेमारी बंद. माशांच्या विणीचे दिवस आणि समुद्रही खवळलेला, म्हणून दोन महिने सरकारी बंदी. होड्या ओढून वर घेतलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा सुरू. आपला गळीत हंगाम बंद, त्यांचाही हंगाम बंद. आपण गव्हाणीची आणि रोलरची दुरुस्ती काढतो, ते जाळ्यांची. मोळी टाकण्याआधी आपणही नारळच फोडतो.

तिसऱ्या आठवड्यापासून भाऊंचे तोंड आले. आत सगळे सोलवटलेले, मीठ-तिखट तर सोडाच, कोमट दूधही घोट-घोट. मऊ खिचडी गाळून, पेज, ताक. रस्त्यावरचे काही नाही, बर्फ नाही, हे डॉक्टरांचे सक्त सांगणे. आता मुंबईत दर दोन चौकांना रसवंती. 'नवनाथ', 'कानिफनाथ' अशीच नावे, कारण हा धंदा करणारे पुष्कळ जण पुरंदर तालुक्यातले. चरकाला घुंगरू बांधलेले, त्याचा आवाज लांबून येतो. रुग्णालयातून परतताना अशाच एका रसवंतीसमोर भाऊ थांबले. आम्ही मालकाला ऊस कुठला, वाण कोणता विचारले. त्याने एक कांडे पुढे केले. भाऊंनी हातात घेऊन डोळा पाहिला, कांड्याची लांबी पाहिली, नखाने साल खरवडली, आणि खिशातल्या वहीत लिहिले: '८६०३२. पाणी जास्त दिलंय.' मग आम्हाला खूण केली, तू पी. आम्ही नको म्हणत होतो. त्यांनी पुन्हा वहीत लिहिले: 'पी आणि सांग.' एवढा अवघड पेला आम्ही आजवर प्यालो नाही. गोड होता. उतारा कमी लागेल असे वाटले, तसे सांगितले. भाऊंनी मान हलवली.

रोज रात्री आठ वाजता वहिनींचा फोन. पहिला प्रश्न त्यांचा, 'जेवले का?' भाऊंचा पहिला प्रश्न, म्हणजे आमच्या तोंडून, 'पाणी दिलं का?' शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची असली की वहिनी बारा वाजता मोटार चालू करायला जात. इकडे भाऊंना ते कळले की झोप लागत नसे. मुंबईत राहणे म्हणजे असे अर्धे राहणे. अंग तिकडे, रान इकडे.

मधल्या काळात आम्ही दुपारी पायी हिंडलो. परळ, लालबाग, लोअर परळ हा एकेकाळचा गिरणगाव. १८५०च्या दशकात ताडदेवला पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढे शंभर वर्षे कोकण, सातारा, कोल्हापूरची माणसे इथे येऊन राहिली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी जाहीरच केले नाही. गिरण्या एकेक करून गेल्या. फिनिक्स गिरणीच्या जागी आता मोठा बाजार आहे, धुराडे तेवढे शोभेला ठेवले आहे. साखर कारखान्याच्या माणसाने बिनधुराचे धुराडे पाहिले की पोटात कसेसेच होते. आपल्या मराठवाड्यात अशी धुराडी काही कमी नाहीत. चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले, साचेवाले होते. आम्ही कुठले, काय करतो, सगळे विचारून झाल्यावर म्हणाले, "तुमची गिरणी चालू आहे ना?" आम्ही म्हणालो, चालू आहे, यंदा ऊस जरा कमी पडला. ते म्हणाले, "चालू आहे ना, मग झालं." आणि आमच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले.

मुंबईत मोसमी पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून. आला तो रात्री, आणि आपल्यासारखा गडगडत, वारे सोडून नव्हे. नुसता सरळ, जाड, न थांबता. आपल्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर झाला की बरे वर्ष. मुंबईत चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. म्हणजे आपल्या सुमारे दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. शिवेच्या अलीकडे पाऊस, पलीकडे कोरडे, हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नये.

त्या जूनच्या एका दुपारी आम्ही हिंदमातापाशी अडकलो. परळ-दादरच्या मधला हा सखल भाग. गुडघ्याच्या वर पाणी, खाली गटाराचे झाकण उघडे की बंद कळत नाही. भाऊंना मधे धरून भिंतीच्या कडेने चाललो. शेकाची वेळ चुकवायची नव्हती. सोबत जळगावचे ते गृहस्थ होते, त्यांनी दुसऱ्या बाजूने हात दिला. तेव्हा भाऊंनी खूण करून विचारले, निचरा कामून नाही? याचे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. रानातला चर कितीही चांगला काढा, तो ज्या ओढ्याला मिळतो तो ओढाच तुडुंब असेल तर चरातले पाणी जाणार कुठे? मुंबईची बरीचशी जमीन बेटांमधल्या खाड्या बुजवून केलेली. गटारांची तोंडे समुद्रात, आणि भरतीला समुद्र त्या तोंडांच्या वर. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळेस आली की पाणी तुंबते, ओहोटी लागली की उतरते. आता हिंदमाताच्या पाण्यासाठी जवळपासच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, समुद्राच्या तोंडाशी पंप बसवले आहेत, पूर्वीपेक्षा पाणी लवकर ओसरते असे तिथले लोक सांगतात. तरीपण पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका आधी जाहीर करते, त्या लिहून ठेवाव्यात आणि त्या वेळी बाहेर पडणे टाळावे. आम्ही त्यानंतर तसेच केले. त्या दिवशी मात्र अकरा मिनिटे उशिरा पोहोचलो, आत घेतले.

आता खोलीचे. पुतण्याने डोंबिवलीच्या पुढे दोन-तीन इमारती दाखवल्या. तपासणीला पुढची काही वर्षे यावेच लागेल, तुमची जागा असलेली बरी, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पोरगा कळकळीने बोलत होता. आम्ही सभासदांना एवढेच सांगू की, जागा पाहायची तर जुलैत पाहावी, डिसेंबरात नव्हे. भिंतीला ओल कुठे येते, नळाला पाणी किती वेळ येते, पाऊस असताना स्टेशनापासून घरापर्यंत पायी येता येते का, ते स्वतः पाहावे. शक्य तर महिनाभर भाड्याने राहावे. आणि म्हातारा-म्हातारी तिथे दिवसभर काय करणार हेही विचारावे. पोरे सकाळी सातला जातात, रात्री नऊला येतात. माणसे वाईट नाहीत, विचारले तर वाट सांगतात, चिखलात हात देतात. पण वेळ कुणाकडे नाही. ज्यांच्या नावावर अजून रान आहे त्यांनी घाई करू नये असे आमचे मत. ज्यांचे सगळेच गेले त्यांचा हिशेब निराळा, त्यांना आम्ही काय सांगावे?

उपचाराला जाणाऱ्यांनी शिधापत्रिका आणि आधारकार्ड मूळ प्रतींसह न्यावे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागते. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे, स्लीपरला रुग्णाचे भाडे माफ असते. त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो. टाटा रुग्णालय १९४१ सालचे, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, त्यामुळे देशभरची गर्दी तिथे लोटते. समोरच केईएम, बाजूला वाडिया. पहिल्या दिवशी त्या चौकात माणूस गोंधळून जातो. दोन दिवसांत सवय होते.

एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार करत होतो. पहिल्या दिवशी त्या प्रतीक्षालयात बसलो तेव्हा आमच्या स्वतःच्या खिशात चुन्याची डबी होती. समोर गालाला पट्टी बांधलेली पंचवीस-तीस वर्षांची पोरे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुड्या कुठे मिळतात ते सभासदांना आम्ही सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या टोळीपासून चिटबॉयपर्यंत आणि आमच्या खात्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात काही ना काही असतेच. तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, पांढरा चट्टा असेल, तोंड आलेले तीन आठवड्यांत बरे होत नसेल, तर दाढेवर ढकलू नका. भाऊंनी ढकलले होते, आणि आम्हीही 'दाढच असेल' म्हणालो होतो. डबी आम्ही धर्मशाळेत ठेवून दिली. हंगामात रात्रपाळीला काय होते ते पाहायचे आहे.

तिसावी बैठक जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. जळगावच्या मंडळींच्या अजून नऊ बाकी होत्या. उरलेले मऊ धोतराचे तुकडे आम्ही त्यांना दिले. येताना कसाऱ्याच्या घाटात धुके होते, काही दिसले नाही. चितेगावच्या पुढे आल्यावर भाऊंनी गाडी थांबवायला लावली, उतरून कोरड्या वाऱ्यात पाच मिनिटे नुसते उभे राहिले. घरी पोहोचल्यावर आधी रानात गेले. वहिनींनी खोडवा चांगला ठेवला आहे, पाचट जाळले नाही, नांग्या भरून घेतल्या आहेत. आता भाऊ मऊ भात खातात, थोडे बोलतात. खोलीचे काय ठरवले ते अजून त्यांनी सांगितलेले नाही. पुतण्याचा दर रविवारी फोन येतो.

पुढची तपासणी पोळ्याच्या आगेमागे आहे. तेव्हा पुन्हा आठ दिवस रजा घ्यावी लागेल, म्हणून आमच्या गटातील सभासदांनी आडसाली लागणीच्या नोंदी त्याआधी द्याव्यात. मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्यांनी शनिवारी दुपारी शेतकी कार्यालयात भेटावे. धर्मशाळांचे पत्ते लिहून ठेवले आहेत.